पहिला मार

गदका शिवून झाला की त्याचा पहिला मार तात्या स्वतः खात. नवा गदका समोरच्याच्या हातात द्यायचे, डावा दंड पुढे करायचे आणि म्हणायचे, "हाणा. हात आखडू नका." मी पहिल्यांदा नुसता टेकवला होता. "मॅडम, माशी हाकलताय का?" असं म्हणून त्यांनी तो पुन्हा मारायला लावला. दंडावर नुसती लाली आली तर गदका पास. वळ उठला तर गदका तिथल्या तिथे उसवायचा, मग शिवायला कितीही वेळ लागलेला असो.

तात्या म्हणजे हूडवाले तात्या. मूळचे निफाडकडचे, पण रिक्षाचे हूड आणि सीट शिवायचं त्यांचं पत्र्याचं दुकान नाशिकरोडला होतं. आमचा फरी-गदक्याचा वर्ग रविवारी सकाळी एका शाळेच्या मैदानावर भरतो. एका हातात फरी, म्हणजे लहान ढाल, आणि दुसऱ्यात गदका, म्हणजे तलवारीऐवजी वापरायची जाड गुंडाळलेली काठी. समोरासमोर उभं राहून खरंच लढायचं. वर्गात कुणी बँकेतलं, कुणी दवाखान्यातलं, मी शाळेतली. हात मोडून घेऊन सोमवारी कामावर जाणं आमच्यापैकी कुणालाच परवडणारं नव्हतं. आम्ही एकमेकांना मोकळेपणाने मारू शकलो ते तात्यांच्या शिवणीच्या भरवशावर. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण आमच्या चकचकीत माहितीपत्रकात त्यांचं नाव शोधूनही सापडणार नाही.

'तलवार' हा शब्द त्यांना खपत नसे. कुणी म्हणालंच की हातातली सुई थांबायची. "तलवार म्हनलं का मानूस ऐटीत येतो. मग त्याला ती चकाकनारी लागती, टोकदार लागती. गदका म्हना. गदका शिकायला हाय, मिरवायला नाय." आम्ही हसायचो आणि मुद्दाम पुन्हा तलवार म्हणायचो. आता त्या हसण्याचा मला राग येतो.

गदक्याच्या आत ते वेतच घालायचे, कारण वेत लवतो. वेतावर फोम, फोमवर जुन्या गोधडीचं कापड आणि वरून रेक्झिन. त्यांचा सगळा जीव टोकापाशी. वेताच्या टोकावर चामड्याची चकती बसवायची, म्हणजे खुपसताना वेत फोम फाडून बाहेर येत नाही, आणि चकतीच्या पुढे चार बोटं फोम. एकदा मी म्हटलं, "तात्या, तीन बोटं चालणार नाहीत का?" ते म्हणाले, "चालतील की. तुमच्या डोळ्याला इचारा."

गदका निवडायची त्यांची रीतही अशीच. हात सरळ पुढे करून गदका धरायला लावायचे आणि स्वतः निवांत चहा प्यायचे. कप रिकामा होईपर्यंत टोक झुकलं तर गदका काढून घ्यायचे. बँकेतल्या एका धिप्पाड गृहस्थांना त्यांनी अशा रीतीने सगळ्यात आखूड गदका दिला होता. ते महिनाभर फुगून बसले. तात्यांनी त्यांची समजूत घातली नाही. "अंगाला काय करायचं? मनगट काय म्हनतं ते बघा," एवढंच म्हणाले.

मग आमचा वर्ग मोबाइलवर दिसू लागला, माणसं वाढली, समिती झाली आणि समितीला सेक्रेटरी मिळाले. त्यांना तात्यांचे गदके ओंगळ वाटायचे. तपकिरी रेक्झिन, रिक्षाच्या सीटचं! फोटोत काय दिसणार? एका रविवारी खोक्यांतून रुपेरी तलवारी आल्या. निमुळत्या, देखण्या. तात्यांनी एक उचलली, टोकावर अंगठा दाबला आणि तिथेच थांबले. आत प्लॅस्टिकचा कडक पाइप होता आणि वर फोमचा नुसता पापुद्रा.

ते सेक्रेटरींकडे गेले. "सायेब, दंड पुढं करा. एकच मारतो."

"मी कुठे खेळाडू आहे, तात्या?" सेक्रेटरी हसले. तात्या हलेनात, तेव्हा ते जरा मोठ्यांदा म्हणाले, "तुमचं दुकान चालावं म्हणून आम्ही कायम हेच वापरायचं का?"

इतक्या वर्षांत ज्या माणसाने आमच्याकडे रेक्झिनच्या तुकड्याचेही पैसे मागितले नाहीत, त्याला हे ऐकवलं गेलं, आणि मैदानावरच्या तीस माणसांपैकी एकानेही तोंड उघडलं नाही. तात्या माझ्याकडे वळले. "मॅडम, तुम्ही सांगा." माझ्या हातात तशीच एक रुपेरी तलवार होती. खरं सांगायचं तर मला ती आवडली होती. मी म्हणाले, "आजच्या दिवस वापरून बघू या ना."

अर्ध्या तासात मी माझ्यासमोर खेळणाऱ्या वैशालीचा अंगठा मोडला. माझा वार तिच्या फरीच्या कडेवरून घसरला आणि उजव्या मुठीवर बसला. तात्यांच्या गदक्याने फार तर अंगठा हिरवानिळा झाला असता. वैशाली लॅबमध्ये रक्त काढायचं काम करायची. हाड जुळलं, पण अंगठा सांध्यात वळेनासा झाला. सुई धरता येईना, तेव्हा लॅबने तिला पावत्या फाडायला बसवलं.

समितीने बैठक घेतली आणि ठरवलं की वैशालीने फरी उशिरा उचलली. तिचीच चूक. मी बैठकीत होते. वार माझा होता, फरी कुठे होती ते माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि मी गप्प बसले. तात्यांना कुणी बोलावलं नव्हतं. ते बैठकीच्या दुसऱ्याच दिवशी सरळ वैशालीच्या घरी गेले आणि तिच्या आईसमोर म्हणाले, "पोरीनं फरी टायमावर उचलली व्हती. मी कट्ट्यावरून पायलंय." त्यानंतर ते मैदानावर फिरकले नाहीत.

गेल्या महिन्यात तात्या गेले. दुपारी दुकानातच, हूड शिवता शिवता. वर्गाने शाळेच्या हॉलमध्ये शोकसभा ठेवली. सेक्रेटरींनी भाषण केलं. तात्या म्हणजे आमचे निष्ठावान साहित्य पुरवठादार, म्हणाले. माझं डोकं सणकलं. मी माइक घेतला आणि सांगितलं, वैशालीची फरी वेळेवर होती. आत पाइप होता. तात्या सांगत होते, आणि त्यांना गप्प करणाऱ्यांत मी होते.

"मॅडम, ही वेळ नाही," सेक्रेटरी म्हणाले.

"वेळ तेव्हा होती," मी म्हणाले. "ती मी घालवली."

मी बाहेर आले. वैशाली मागच्या रांगेत होती, ती माझ्या पाठोपाठ आली. मला वाटलं, ती आता माझा हात हातात घेईल. तिने घेतला नाही.

"तात्या दुसऱ्या दिवशी आले होते," ती म्हणाली. "तुम्हाला दोन वर्षं लागली."