वेगळी बांधलेली गाय

भात झोडून झालं की आमच्या पाड्यावर गुरं सोडून देतात. दावी काढायची, गुरं रानात मोकळी आणि माणसं जगायला बाहेर. जगायला म्हणजे वीटभट्टीवर. मोखाड्यात हा शब्द कुणाला खटकत नाही. मी अंगणवाडीतून निवृत्त झालेली बाई. भट्टीवर जायचं कारण नाही आणि लेकाच्या ठाण्याच्या खोलीत पाय पसरायला जागा नाही. पाडा रिकामा झाला की मी आणि माझी गाय, दोघीच उरतो.

त्या वर्षी ऐन झोडणीत तिच्या अंगावर गाठी उठल्या. लंपी. जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला. मला वाटलं, कुणी मिशीवाला येईल. मोटारसायकलवरून उतरली ती लेकीच्या वयाची पोरगी. तिने इंजेक्शन दिलं आणि बजावलं, "मावशी, हिला बाकीच्या गुरांपासून लांब बांधा. माश्या बसू देऊ नका, धूर करा. बरी होईपर्यंत सोडायचं नाही. रोज संध्याकाळी मला फोन करून सांगा."

गाय मी मागच्या पडवीत आणली. एकटीला राहायची सवय नाही तिला, सारखी हंबरायची. मी मात्र खुशीत होते, खोटं कशाला बोलू? रोज कुणीतरी माझं ऐकत होतं. ताप आहे का, चारा खाल्ला का, एवढंच डॉक्टर विचारायची आणि मी तिखटमीठ लावून सांगायचे. गायीवरून विहिरीवर, विहिरीवरून रस्त्यावर. ती हसायची.

शेवटचा टेम्पो निघाला तेव्हा शेजारीण टेम्पोतून ओरडली, "बाय, तुझी गाय सोडली गं मी! सगळ्यांची गुरा सुटली, ती एकलीच रडं."

उपकार केल्यासारखी हसत होती. मी कपाळाला हात लावला. रागावणार तरी काय? झोडणीनंतर जनावर बांधून ठेवणं आमच्याकडे पाप. टेम्पो गेला.

मी टेकडीकडे धावले. गाय कळपात मिसळली तर रोग सगळ्या पाड्याच्या गुरांना लागला असता. माणसं परतून नांगराला काय जुंपणार? आणि ती मेली, तर मी कुणाशी बोलणार? कळप वर माळावर होता. ती तिथवर पोचलीच नव्हती. सुजल्या पायांनी अर्ध्या चढावर बसली होती, तोंड कळपाकडे. मी शेजारी बसून रडले. मोठ्याने रडले, ऐकायला होतं कोण?

उतरणीला तिला ढकलत, शिव्या देत घरी आणली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरने मला चांगलं फैलावर घेतलं, माळावरच्या गुरांना लस टोचली आणि पुढेही येत राहिली. खपल्या गळाल्या, पायांची सूज उतरली. मग एक दिवस गायीच्या पाठीवर थाप मारून म्हणाली, "झाली बरी. सोडा हिला. आता रोज फोन करायची गरज नाही, मावशी."

मी दावं सोडलं. गाय वळूनसुद्धा न बघता चढ चढून गेली.

संध्याकाळी न राहवून मी फोन लावलाच.

"काय झालं? परत ताप?"

"नाही, गाय छान आहे."

"मग?"

"काही नाही, सहज," म्हटलं आणि तिने ठेवायच्या आत मीच फोन ठेवला.