बंकरच्या तोंडाशी लावलेलं शून्य

हे मी बायकोला सांगितलेलं नाही, चौकशीला आलेल्या साहेबांना तर नाहीच. तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही मला ओळखत नाही — माझं धैर्य एवढंच.

भद्रावतीजवळच्या एका कारखान्यात मी उपकरणं दुरुस्त करतो. कोळसा साठवायच्या बंकरपाशी वायू मोजणारं यंत्र आहे. कोळसा आतून धुमसला की कार्बन मोनॉक्साइड सुटतो. त्याला वास नसतो. यंत्र सांगेल तेवढंच माणसाला कळतं.

एका उन्हाळ्यात, ऐन रमजानात, यंत्राचा कंट्रोल रूमशी संपर्क तुटला. पडद्यावर आकड्याच्या जागी नुसत्या रेघा. बंकरचा, कोळसा खाली सोडायचा गेट अडकलेला, तो सोडवायला फिटर रफीकभाई खोळंबलेले.

"काऊन भाऊ, तुह्या मशीनचाबी रोजा हाये का? सकाळपासून तोंड उघडून नाई राह्यली!"

केबलचं टोक गंजलं होतं. बदललं. आकडा आला — आणि लगेच धोक्याचा भोंगा. सेन्सर जुना, पूर्वीही उगाच बोंबलायचा. म्हणजे शून्य नव्यानं लावायचं — बटण दाबून यंत्राला सांगायचं, आत्ताची हवा स्वच्छ धर. यंत्र मोकळ्या हवेत नेऊनच हे करायचं असतं. नव्या पोरांना हे मीच शिकवतो. पण बाहेर ऊन, उतरायला तापलेला लोखंडी जिना... मी तिथंच, बंकरच्या तोंडाशी, बटण दाबलं. तिथल्या विषालाच शून्य ठरवलं. सगळेच असं करतात — हे वाक्य मी चौकशीसाठी पाठ करून ठेवलं होतं, ते लागलंच नाही. माझंही डोकं जड झालं होतं. ते मी उन्हावर ढकललं. "जा रफीकभाई," म्हणालो.

ते आत बेशुद्ध पडले. त्यांना ओढून बाहेर काढलं, तेव्हाही पडद्यावर शून्यच. मग मी यंत्र मोकळ्या हवेत आणलं. आकडा शून्याच्या खाली गेला. स्वच्छ हवेत शून्याहून कमी विष असतं का? दुसऱ्या कुणी पाहिलं नव्हतं. मी पुन्हा शून्य लावलं — या वेळी अगदी नियमाप्रमाणे.

साहेबांनी विचारलं, काय झालं? मी म्हणालो, "रोजा होता त्यांचा. उपाशी पोटी, एवढ्या उन्हात..." वाक्य पुरंही केलं नाही. साहेबांना कारण हवं होतं. असलं कारण तर त्यांनी वरच्यावर झेललं. दवाखान्यातही तेच सांगितलं. रफीकभाई वाचले. बंकरचं काम मात्र गेलं. त्यांना झाडलोटीवर टाकलं. ज्यानं त्या कारखान्यातला प्रत्येक गेट हातानं बसवला, त्याच्या हाती झाडू — आणि मी रोज त्याच्या समोरून जात होतो.

पुढच्या रमजानात दुपारच्या सुट्टीत ते माझ्यासमोर येऊन बसले. डबा उघडला.

"तू म्हन्ला ते बराबर होतं भाऊ. उपाशी पोटी नाई झेपत आता. घरची बोलून नाई राह्यली माह्याशी... पण साहेबाले सांग, मी रोजे सोडले. पुन्हा बंकरवर घेते का पाह्य."

मी सांगतो म्हणालो. त्यांनी अंडाकरी माझ्या ताटात वाढली. मी खाल्ली. पुन्हा मागितली.