बुडालेलं गाव माझं नव्हतं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. अनघाला, माझ्या बायकोलाही नाही — आणि तिला तर मी ऑफिसातली भांडणंसुद्धा मीठमसाला लावून सांगतो. मग तुम्हालाच का? तुमचा चेहरा मला दिसत नाही, म्हणून असेल.

मी टेक्सासात, प्लेनोला राहतो. मोठमोठ्या सोलर प्रकल्पांचं प्लॅनिंग करतो. इथल्या मराठी मंडळात मला सूर्यनारायण म्हणतात. आभाळ आलं की कुणीतरी विचारतंच, आज सुट्टी का? मीही हसतो, वर दोन शेरे मारतो. बोलण्यात मला कुणी हरवू शकत नाही, यार. आई म्हणायची, हा दगडालाही पाझर फोडेल. तेव्हा काय अभिमान वाटायचा!

तर — ॲरिझोनात नावाहो लोकांची, म्हणजे तिथल्या मूळच्या अमेरिकन इंडियन जमातीची, जमीन आहे. जमीन सगळ्या जमातीची, पण तिच्यावर मेंढ्या चारायचा परवाना घराघराकडे असतो, आजीकडून आईकडे, आईकडून लेकीकडे आलेला. आमच्या प्रकल्पात त्या घरांनी हो म्हटल्याशिवाय खांब रोवता येणार नव्हता. आणि हो मिळवून आणायचं काम माझं.

आमच्या नकाशाच्या अगदी मधोमध एल्सी आजीचं घर होतं. तिला इंग्रजी जेमतेमच कळायचं, बोलायची ती नावाहोतच. नात शेरिल दोन्हीकडचं समजावून सांगायची. 'मीही इंडियनच की,' हा जोक मी पहिल्याच भेटीत मारला. शेरिलनं तो आजीला सांगितलाच नाही. माझ्याकडे नुसतं बघितलं. बरोबरच केलं तिनं.

आजीच्या छपरावरून विजेच्या जाड तारा जायच्या. आता बंद पडलेल्या कोळशाच्या वीजकेंद्राच्या त्या जुन्या तारा. तिचं अर्धं आयुष्य त्यांतून शहरांना वीज गेली, आणि खाली तिच्या घरात साधा बल्ब नाही. आजीला डायबेटिस. इन्सुलिन बर्फाच्या पेटीत ठेवायची. बर्फ संपला की शेरिल कच्च्या रस्त्यानं पिकअप काढून आणायला जायची. आजीला जमिनीचा मोबदला नको होता, प्रकल्पाची माहितीही नको होती. तिला घरात फ्रिज चालायला हवा होता. बस.

आणि आमच्या प्लॅनमध्ये तिच्या घराला वीज नव्हती. मोठ्या लाइनवरून घरात अशी वायर ओढता येत नाही, त्यासाठी वेगळं सबस्टेशन लागतं, वेगळी लाइन लागते. ती आम्ही 'पुढच्या टप्प्यात' टाकली होती. पुढचा टप्पा म्हणजे काय, हे आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत असतं. वकिलांनी आम्हाला बजावलं होतं — घरांना वीज देऊ, असं तोंडातून काढायचं नाही. मी ते पाळलं. अगदी शब्दशः पाळलं! शब्द एकदाही दिला नाही. त्याहून वाईट केलं.

पण त्याआधी सुनंदाबद्दल सांगायला हवं. ती शाळेत माझ्या वर्गात होती. तिचं गाव पिंपळवाडी, धरणात गेलेलं. तिच्या लोकांना माळावर पत्र्याच्या वसाहतीत आणून टाकलं होतं. माझे वडील पाटबंधारे खात्यात, आम्ही सरकारी क्वार्टर्समध्ये. आमच्याकडे धरणाची वीज, वसाहतीत कंदील. सुनंदा संध्याकाळी आमच्या व्हरांड्यातल्या दिव्याखाली अभ्यासाला बसायची. आई तिला चहा द्यायची — वेगळ्या कपात, हेही सांगूनच टाकतो. ती एकदा म्हणाली होती, उन्हाळ्यात पाणी उतरलं की देवळाचा कळस वर दिसतो, तेव्हा आमची आजी काठावर जाऊन बसते, जेवायलासुद्धा उठत नाही. वसाहतीत वीज आली तेव्हा सुनंदाची शाळा सुटून लग्नही झालं होतं. वीज आली ते बघायला तिची आजी नव्हती.

एवढं मला ठाऊक होतं. नीट ठाऊक होतं.

आणि एका दुपारी, मटणाचा रस्सा वाढता वाढता, एल्सी आजीनं शेरिलला मला विचारायला लावलं — तुझ्या घरच्यांची जमीन कधी कुणी घेतली आहे का?

मी काय सांगायला हवं होतं? नाही, माझे वडील घेणाऱ्यांच्या ऑफिसात होते — हेच ना? मी हो म्हणालो.

मग तोंड सुटलं ते सुटलंच. आम्ही धरणग्रस्त, म्हणालो. माझी आजी, म्हणालो — माझी! — उन्हाळ्यात काठावर जाऊन बसायची, कळस बघत. शेरिल सांगत होती आणि आजीच्या हातातला डाव तसाच थांबला होता. मला ते दिसत होतं, आणि दिसत होतं म्हणूनच मी पुढे गेलो. शेवट बदलला. म्हणालो, आमचं गाव गेलं, पण धरणाची पहिली वीज आमच्याच घरी आली. आमच्याकडे फ्रिज आला. त्या दिव्याखाली मी शिकलो, म्हणून आज तुमच्यासमोर बसलोय.

सुनंदाचं दुःख घेतलं आणि त्याला आमच्या व्हरांड्यातला दिवा जोडला. लाज म्हणून काही असते की नाही माणसाला?

आजीनं गावाचं नाव विचारलं. पिंपळवाडी, मी सांगितलं. तिनं ते दोनदा उच्चारून बघितलं, मग माझ्या वाडग्यात आणखी मटण वाढलं. मी खाल्लं. चवीनं खाल्लं.

पुढे चॅप्टर हाउसमध्ये — म्हणजे तिथल्या ग्रामपंचायतीत म्हणा — सभा झाली. बरीच घरं विरोधात होती. आजी उठली आणि सावकाश, खूप वेळ बोलली. मला नावाहोचं अक्षर कळत नाही. पण त्या बोलण्यात मध्येच स्वच्छ ऐकू आलं — पिंपळवाडी. लोक वळून माझ्याकडे बघायला लागले. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी टोपी काढली. ती सुनंदाच्या आजीसाठी काढलेली टोपी, आणि तो आदर मी मान झुकवून स्वतःकडे घेतला. तेव्हाही बोलता आलं असतं. शेरिल शेजारीच होती. एक वाक्य पुरलं असतं. माझ्यासारख्या बडबड्याला एक वाक्य जड होतं का हो?

आजीनं हो म्हटलं. तिच्यामागून इतरांनीही.

ऑफिसात मला शाबासकी मिळाली, केक कापला. आता तिथे क्षितिजापर्यंत पॅनल आहेत. कुंपण घातल्यावर आजीच्या बहुतेक मेंढ्या विकाव्या लागल्या. वीज त्या जुन्याच तारांमधून, तिच्या छपरावरून, शहरांकडे जाते. तिच्या घरात बर्फाची पेटी आहे.

गेल्या महिन्यात शेरिलनं फोटो पाठवला. आजीनं फ्रिज घेऊन ठेवलाय. जुना, पांढरा. वायर गुंडाळून वर ठेवलेली, दार उघडं, आत धुतलेली लोकर रचलेली — उंदीर लागू नयेत म्हणून. खाली शेरिलनं लिहिलं होतं, आजी विचारतेय, पिंपळवाडीला वीज यायला किती काळ लागला होता? तेवढी ती थांबेल म्हणते.

मी पार्किंगमध्ये गाडीत बसून होतो. खरं उत्तर मला येत होतं.

मी लिहिलं, फार नाही लागला.

थोड्या वेळानं शेरिलचं उत्तर आलं. आजी म्हणाली, मग ठीक आहे.