अडलेला दात आणि मोहोळची भाकरी

"व्याह्यांनी उगाच पोरीच्या तोंडाला सुरी लावली. दात आला तो आमच्या कडक भाकरीनं." आमच्या विहीणबाई ही कथा प्रत्येक बारशात सांगतात आणि ऐकणारे माना डोलावतात. मी जिवंत असताना हे असत्य रूढ होऊ देणार नाही.

नातीचे वरचे पुढचे दोन्ही दुधाचे दात एकाच सुमारास पडले. उजवीकडे नवा दात आला, पुरता वाढला; डावीकडे वर्ष होत आले तरी नुसती हिरडी. विहीणबाईंचे निदान तयार होते: हिरडी निबर झाली आहे, कडक भाकरीने घासली की दात फुटेल. आमच्या घरी रोजची चपाती. विहीणबाईंच्या मोहोळहून मात्र एसटीने भाकरीच्या चळती येऊ लागल्या. पोर मुकाट्याने चावत राहिली. हिरडी सोलली, दात आला नाही. वर्गातल्या मुली तिला 'खिंडार' म्हणू लागल्या, तशी ती तोंडावर हात धरून हसू लागली. एके दिवशी तिने मला विचारले, "आजोबा, माझा दात वाट चुकला का?"

माझे आयुष्य मागावर कापड विणण्यात गेले आहे. अडलेला धागा ओढून सुटत नाही, आधी गाठ शोधावी लागते. मुलगा आणि सून कचरत होते. लहान मुलांच्या दंतवैद्यांकडे तिला मीच नेले. एक्स-रेमध्ये गाठ दिसली: टाळूकडच्या हाडात एक जादा दात, लहानसा, टोकदार, खऱ्या दाताच्या वाटेत आडवा. हिरडी बधिर करून डॉक्टरांनी तो काढला. आता खरा दात बहुधा आपणच उतरेल, न उतरल्यास तार लावून ओढून घेऊ, असे त्यांनी सांगितले.

विहीणबाईंचा फोन आला. "जादा दात नशीबवानाला येतोय, व्याही. तुमी पोरीचं नशीबच उपटलं की."

मी म्हणालो, "असलं नशीब तुमच्या तोंडात असतं, तर कळलं असतं."

काही महिन्यांनी हिरडीतून पांढरी कड डोकावली. आज नात पेरू पुढच्या दातांनी तोडते आणि तोंड उघडे ठेवून हसते. याचे श्रेय भाकरीला द्यायचे असेल, तर एवढेच ध्यानात घ्यावे: त्या फोननंतर विहीणबाई अशा रुसल्या, की ती कड दिसेपर्यंत मोहोळहून आमच्या घरी एकही भाकरी आली नव्हती.