चातुर्मासातली कोंबडी

गोठ्याच्या कोपऱ्यात, डालग्याखाली, एक तांबडी खुडूक कोंबडी पंख पसरून बसली आहे आणि तिच्या पोटाखाली लांडोरीची पाच अंडी आहेत... सत्तरच्या दशकातलं पलूसजवळचं आमचं घर आठवू लागलं, की आधी हेच डोळ्यांपुढे येतं. ओल्या वैरणीचा, शेणाचा, भिजलेल्या पोत्यांचा वास, आणि त्यात मिसळलेला कोंबडीचा तो उबट दर्प – आमच्या जैनांच्या घराला तो साफ अनोळखी होता.

बांधावरचं गवत कापताना आण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, आधी कुत्र्यांनी फाडलेली लांडोर दिसली, आणि मग उसाच्या कडेला तिची अंडी. हात लावला तर अजून कोमट. जीव आहे म्हटल्यावर टाकून येणं आमच्याकडे कुणालाच जमलं नसतं. पण अंडी घरात आणायची, तीही चातुर्मासात! माझी आई म्हणजे पाणी दोनदा गाळणारी, चुलीत घालायचं लाकूडही आधी हलकेच आपटून त्यातल्या मुंग्या झटकणारी बाई. तिने मुकाट्याने अंडी पदरात घेतली आणि शेजारच्या शेवंतामावशीकडून एक खुडूक कोंबडी मागून आणली. भाऊबंदांनी मनसोक्त थट्टा केली. आईने ती कानाआड केली.

वीस-बावीस दिवसांनी चार अंडी फुटली. मातकट रंगाची, उंच पायांची, मान वळवून टुकुटुकु बघणारी पिल्लं... शाळा सुटली की मी दप्तरासकट गोठ्यात. आई त्यांना तांदळाच्या कण्या घाली, भिजवून वाटलेली डाळ घाली, भोवतालची जमीन मऊ कुंच्याने झाडून लख्ख ठेवी. कोंबडीला मात्र डालग्याबाहेर सोडत नसे. सोडली की ती उकरणार, किडे टिपणार, आणि ती हिंसा आपल्या दारात होणार – म्हणून नाहीच.

तिसऱ्या दिवशी एका पिल्लाने मान टाकली. पाचव्या दिवशी दुसऱ्याने. मी रडून घर डोक्यावर घेतलं. उरलेल्या दोघांचेही पंख लोंबायला लागले, तेव्हा शेवंतामावशी आली, एकाला तळहातावर घेऊन तिने त्याची छाती चाचपली.

"आवं आक्का, ह्यास्नी किडं पायजेत. निसत्या कण्यांवर न्हाई जगायची ही."

दुसऱ्या दिवशी सकाळी आई बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, दर्शन घेऊन आली, ती तशीच गोठ्यात गेली. स्वतःच्या हाताने डालगं उचललं, कोंबडीला पिल्लांसकट घरामागच्या परड्यात नेलं आणि कुजलेल्या पाचटाच्या ढिगापाशी सोडून दिलं. कोंबडीने दोनदा पाय मारले – खाली वाळवीच वाळवी! तिने हाक घातली, आणि ती मरगळलेली पिल्लं अशी काही तुटून पडली, की मी टाळ्याच पिटल्या. आईने मात्र तोंड फिरवलं नाही. सगळं संपेपर्यंत ती बघत उभी राहिली.

त्या दिवशी ती जेवली नाही. कोंबडी आपल्या जातीला धरून वागली, त्यात तुझं काय, असं आण्णा परोपरीने समजावत होते. आई एवढंच म्हणाली, "डालगं मी उचललं."

दोन्ही पिल्लं जगली. पुढे परड्यातल्या शेवग्यावर बसू लागली आणि उन्हाळ्यात कधीतरी उसात गेली, ती गेलीच. आई त्यानंतर दर चातुर्मासात एक दिवस निरंकार उपास करी. कशाचा, ते कुणाला सांगत नसे. मी आपली धरून चालले होते, की तो वाळवीसाठी आहे. माझं लग्न झाल्यावर एकदा माहेरी आले असताना तिचं सुकलेलं तोंड बघून मला राहवलं नाही. म्हटलं, त्या किड्यांचं किती वर्षं मनाला लावून घेशील?

आई म्हणाली, "किड्यांसाठी नव्हे गं. पहिली दोन पिल्लं माझ्या हट्टापायी गेली."

पण दोन तुझ्यामुळे जगली, हे म्हणायचं मला तेव्हा सुचलं नाही. आता सुचतं... तर ऐकायला आई नाही.