तांदळाचा डबा

मला बघायला आले तेव्हा आईनं तीन गोष्टी पढवून ठेवल्या होत्या: विणकाम येतं, पुरणपोळी येते, थोडंसं गाणं येतं. पहिल्या दोन खोट्या होत्या, तिसरीबद्दल घरात मतभेद होते. चौथी गोष्ट सांगायचीच नव्हती. मिरजेला वडिलांच्या गुरुवारच्या भजनाला तबलजी टिकत नसे, म्हणून त्यांनी मलाच शिकायला बसवलं होतं. सहा वर्षं मी तबला वाजवत होते. "तबला बडवणारी सून कोण करून घेईल?" असं आई म्हणाली. लग्न ठरलं. तबला माहेरी राहिला.

आमचे हे बंगळूरला एका कारखान्यात इंजिनिअर. जयनगरात भाड्याचं घर, घरात आम्ही दोघं आणि सासूबाई. सासूबाई कमी बोलत आणि सगळं बघत. पाच वर्षं मी तबला हा शब्द तोंडातून काढला नाही. कणीक मळताना बोटं वळवळायची, पण कणकेतून काही आवाज निघत नाही.

एका रामनवमीला शेजारच्या अक्कांनी आम्हा सासूसुनांना कोपऱ्यावरच्या मांडवात गाणं ऐकायला नेलं. पन्हं प्यायलो, भिजवलेल्या डाळीची कोशिंबीर खाल्ली, बायकांच्या बाजूला पुढेच बसलो. तिथे ऐकणारे सगळेच मांडीवर उघड ताल धरतात. पाच वर्षांनी समोर बसून कुणीतरी वाजवत होतं. मृदंग सुरू झाला आणि माझा हात मांडीवर कधी गेला, मला कळलंही नाही.

चूकही मिरजेच्या भजनात शिकलेल्या माणसाला शोभेल अशीच झाली. गाण्याचा पहिला शब्द जिथे पडला तीच सम, असं मी धरून चालले. तिकडच्या कर्नाटकी गाण्यात कधी कधी टाळी आधी पडते आणि शब्द अंमळ मागून येतो. मी आपली ठामपणे सगळ्या मांडवाच्या मागून टाळी देत होते. शेवटी अक्कांनी माझा हातच धरला. "स्वल्प तडीरी, जरा थांबा," त्या म्हणाल्या, "हिशेब तुमचा पक्का आहे, फक्त जागा चुकलीय. तबला शिकलात काय?"

सासूबाई पलीकडेच बसल्या होत्या. त्यांनी एकदा माझ्या मांडीवरच्या हाताकडे बघितलं. माझी पाचावर धारण बसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला स्वयंपाकघरात बोलावलं.

"किती वर्षं शिकलीस?"

"सहा."

"आणि मला विणकाम सांगितलंस. लग्नानंतर तू विणलेला तो स्वेटर बघितला तेव्हाच म्हटलं, ही काहीतरी लपवतेय." त्यांनी तांदळाचा पत्र्याचा डबा माझ्याकडे सरकवला. "धर ठेका."

आणि त्या अभंग म्हणू लागल्या. सूर फुटका होता, लय मात्र घड्याळासारखी. मला रडू आलं, पण ठेका सोडला नाही.

त्या दिवशी हे नेमके लवकर घरी आले. "कसला आवाज येतोय?"

"डबा उघडत नव्हता," सासूबाई म्हणाल्या.

पुढे चार वर्षं आमचा डबा रोज दुपारी अडकायचा. सुट्टीच्या दिवशीही, हे बाहेरच्या खोलीत पेपर वाचत असताना. तांदूळ संपत आले की तो छान बोलायचा, म्हणून महिनाअखेरीला जरा जास्तच अडकायचा. यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. इंजिनिअर असून डबा दुरुस्त करायचंही मनावर घेतलं नाही, याचं मला तेव्हा नवल वाटायचं.

मग सासूबाई गेल्या. त्यानंतर मी डब्यातून नुसते तांदूळ काढत असे. दोनेक महिन्यांनी हे संध्याकाळी एक जड गाठोडं घेऊन आले आणि माझ्यासमोर ठेवून बूट काढायला बसले. आत तबल्याची जोडी होती, मिरजेहून मागवलेली.



"तो डबा मी उघडून बघितला," बुटाची नाडी सोडत हे म्हणाले. "सहज उघडतो."