कीबोर्डवरचं कुंकू

"पूजा होईस्तोवर तू बाहेर थांब," सरांच्या बायको म्हणाल्या. त्यांना आम्ही बाई म्हणायचो.

विश्वकर्मा पूजेचा दिवस. भिलाईत त्या दिवशी कारखान्यातल्या क्रेनपासून सायकलवाल्याच्या पंपापर्यंत सगळ्यांना कुंकू लागतं. आत सरांच्या कॉम्प्युटरची पूजा. त्यावर रोज बसणारी मी एकटी. आणि मीच व्हरांड्यात, चपलांपाशी.

सर गणिताचे क्लास घ्यायचे. त्यांचे पेपर मी टाइप करायचे. चिन्हांच्या जागा मोकळ्या सोडायच्या, मग सर त्या पेनाने भरणार. मला ते बघवेना. कॉम्प्युटरमध्ये कळांना नवं काम नेमून देता यायचं. लागले मागे. ही कळ दाबली की वर्गमूळ, ती दाबली की सिग्मा. स्क्रीनवर सिग्मा दिसे आणि प्रिंटरमधून भलतंच अक्षर निघे. इंटिग्रल तर दोन तुकड्यांत जोडावं लागे, जरा सरकलं की मुंडकं एकीकडे, धड एकीकडे. वैताग नुसता. चिडून रडले कितीदा. पण जमवलं.

तो पेपर हातात धरून सर पोरांना म्हणाले, आरक्षणवाल्यांतही एखादी निघते अशी. पोरं हसली. माझे कान तापले.

पूजेत बाईंनी कीबोर्डवर कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, वरून नारळाचं पाणी शिंपडलं. ते मी दारातून पाहिलं. संध्याकाळी मला आत बोलावलं, दुसऱ्या दिवशी परीक्षा होती. बसले तर कळा चिकटलेल्या. एक दाबावी तर तेच अक्षर ओळभर धावत सुटे.

सर माझ्यावरच भडकले. मी कळांशी नको ते चाळे केले म्हणून मशीन बिघडलं म्हणे. चोर सोडून संन्याशाला फाशी. मी कुंकवाकडे बोट दाखवलं. बाई दारातून म्हणाल्या, "हिचा हात लागला तेव्हाच बाटलं ते."

सरांनी ओलं फडकं माझ्यापुढे टाकलं. आधी हे साफ कर, मग पेपर.

माझे बाबा पोलाद कारखान्यात कोक ओव्हनच्या भट्टीवर कामाला. त्यांच्या बापाने गावात मेलेली ढोरं ओढली. बाबा मला सांगायचे, "काम कोनतंबी कर. पन लोकायची घान आता आपन नाही काढाची."

सरांसमोर मी नेहमी जपून, शुद्ध बोलायचे. त्या दिवशी घरची भाषा आली तोंडात.

"पूजा तुमी केली. साफबी तुमीच करा."

फडकं पडलं तिथेच राहिलं. कळांना नेमून दिलेली कामं मी ज्या फ्लॉपीत साठवली होती, ती काढून घेतली. ती इथेच ठेव, सर म्हणाले. ठेवली नाही. शेजारच्या दुर्गहून मी स्वतःच्या पैशाने आणलेली होती, आणि तिच्यातलं काम माझं होतं.

पुढे बऱ्याच ठिकाणी टायपिंग केलं. नव्या जागी पहिल्याच दिवशी विचारते, पूजेच्या दिवशी मी मशीनपाशी उभी राहिले तर चालेल का? मला पूजा करायची नसते. उत्तर ऐकायचं असतं. समोरचा अडखळला, की मी पर्स उचलते.